लिंबूटिंबूला पण आऊट देणारा गेम: स्ट्रीट फायटर ६

फायटिंग गेम खेळणारी माणसं आपल्याकडे दोनच प्रकारची. एक जो हातात कंट्रोलर आला की सगळी बटणं एकदम बडवत सुटतो, आणि मधेच चुकून काहीतरी भारी झालं की "बघितलंस का, बघितलंस का" करून सगळं घर डोक्यावर घेतो. दुसरा ट्रेनिंग मोडमध्ये तोच कॉम्बो, म्हणजे हल्ल्यांची साखळी, घासत बसणारा, जो या बडवणाऱ्याकडून हरला की जेवताना पण गप्प असतो. या दोघांकडून एकाच गेमचे पैसे घ्यायचे आणि दोघांना खूश पण ठेवायचं, हे पब्लिशर लोकांचं फार जुनं दुखणं आहे आणि बहुतेक जण यात माती खातात. कॅपकॉम या जपानी कंपनीने त्यांच्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये माती खाल्लेली नाही. निदान गेमच्या आत तरी नाही. दुकानात खाल्ली आहे, त्याच्याकडे येतो नंतर.

गेम आला जून २०२३ मध्ये, त्यामुळे रिव्ह्यू शिळा वाटेल, पण मी स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाच्या सेलची वाट बघणारा माणूस आहे आणि तसंही फायटिंग गेम पहिल्या आठवड्यात कळत नाही. पहिल्या आठवड्यात सगळेच नवीन असतात, सगळेच हरतात, सगळेच मजेत असतात. खरी परीक्षा नंतर, जेव्हा पक्के खेळाडू पक्के होतात आणि ऑफिसवरून येऊन तासभर खेळणारा माणूस टिकतो का पळतो ते दिसतं.

तर मुख्य मुद्दा, कंट्रोल. गेम सुरू करताना विचारतो, क्लासिक पाहिजे का मॉडर्न. क्लासिक म्हणजे ते १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मधलं सहा बटणांचं प्रकरण, तीन पंच, तीन किक, आणि हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारा गोळा, टाकायचा तर खाली, तिरकं, पुढे असा अंगठा फिरवून पंच. शोर्यूकेन, म्हणजे वर उडत मारायचा ठोसा, त्याहून वाकडा. ज्याला लहानपणी जमलं त्याला जन्मभर जमतं आणि ज्याला नाही जमलं तो बिचारा जन्मभर उड्या मारून लाथा घालतो. मॉडर्नमध्ये हे सगळं काढून टाकलंय. हलका, मध्यम, जड असे तीन हल्ले आणि स्पेशलचं, म्हणजे अशा खास चालींचं, एक बटण. पुढे दाबून स्पेशल मारलं की शोर्यूकेन, संपलं. असिस्टचं बटण धरून एकच हल्ला दाबत राहिलं तर आख्खा कॉम्बो आपोआप निघतो.

आता तुम्ही म्हणाल हे म्हणजे चीटिंग झालं. पण त्याची किंमत ठेवली आहे, आणि इथेच कॅपकॉमच्या डिझायनर लोकांना सलाम. एका बटणावर मारलेल्या स्पेशलचं डॅमेज २० टक्के कमी. मॉडर्नमध्ये असूनसुद्धा तुम्ही अंगठा फिरवून तोच स्पेशल मारलात तर पूर्ण डॅमेज. शिवाय क्लासिकमधले काही साधे हल्ले मॉडर्नमध्ये मिळतच नाहीत. म्हणजे सवलत आहे पण फुकट नाही, आणि शिकायची इच्छा झालीच तर दार उघडं आहे, त्यासाठी मोड बदलून पुन्हा शून्यापासून सुरू करायला नको. तिसरा एक डायनॅमिक म्हणून प्रकार आहे, त्यात कुठलंही बटण दाबा, त्या क्षणी काय योग्य ते गेमच ठरवतो. तो फक्त घरच्या घरी खेळायला, ऑनलाइन चालत नाही. बरोबरच आहे. आमच्याकडे गणपतीला पाहुणे आले की पोरांना तोच लावून देतो, सहा वर्षांची मुलगी पण आगीचे गोळे फेकत असते आणि कोणी रडत नाही.

माझा भाचा अकरावीत आहे, मुलुंडला राहतो, रविवारी येतो. तो मॉडर्न, मी क्लासिक, केन नावाचा फायटर घेऊन. मी उडी मारून अंगावर गेलो की हा माणूस हवेतच शोर्यूकेन लावतो, प्रत्येक वेळी, न चुकता. मी म्हटलं अरे जरा हाताने मारून दाखव ना, तर म्हणे, "मामा, तू उडी कशाला मारतोस पण?" आणि हे उत्तर चिडवणारं असलं तरी शंभर टक्के खरं आहे. त्याचा एका बटणाचा शोर्यूकेन मला सुधारतोय. लांबून उड्या मारत यायची माझी वर्षानुवर्षांची सवय दोन रविवारांत गेली. मग मी जमिनीवरून खेळायला लागलो, लांबून पाय घालून थांबायचं, त्याला काहीतरी करायला लावायचं आणि फसला की धरायचं, तेव्हा त्याची गाडी अडकली, कारण तिथे लागणारे मधले हल्ले त्याच्या मॉडर्नमध्ये नव्हतेच. हल्ली तो गुपचूप क्लासिकची प्रॅक्टिस करतो असं ताईने सांगितलंय. मला सांगितलेलं त्याला माहीत नाही.

आपल्या बिल्डिंगच्या क्रिकेटमध्ये लिंबूटिंबू असायचा बघा. त्याला बॅटिंग द्यायची, पण आऊट नाही धरायचं आणि त्याचे रन पण नाही धरायचे. चार दिवस पोर खूश असतं, पाचव्या दिवशी त्याला कळतं की आपण खेळातच नाही. बहुतेक पब्लिशर कॅज्युअल खेळाडूला असंच वागवतात. वेगळा सोपा मोड देतात, तिथे बॉट, म्हणजे कॉम्प्युटरचे खेळाडू, भरतात, जिंकल्याचे फटाके उडवतात, आणि खरी माणसं दुसऱ्या खोलीत खेळत असतात. स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॉडर्नवाला आणि क्लासिकवाला एकाच रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या ऑनलाइन मॅचमध्ये, समोरासमोर येतात, तेच पॉइंट, तीच लीग. मोठ्या टूर्नामेंटमध्ये सुद्धा मॉडर्न चालतं. आऊट झालास तर झालास, आणि रन काढलास तर ते पण तुझेच.

याच्या बरोबर उलटं उदाहरण निन्टेंडोचं. स्मॅश ब्रदर्स या त्यांच्या फायटिंग सीरिजचा २००१ चा मेली हा भाग पक्क्या खेळाडूंनी इतका घासला की त्याच्या टूर्नामेंट अजून चालतात. मग २००८ मध्ये ब्रॉल आला आणि त्यात काय केलं, तर पळायला सुरुवात केली की तुमचा खेळाडू मधेच कधीतरी आपोआप पाय घसरून पडणार. कारण काही नाही, नशीब. फरक कमी करायचा म्हणून वरच्याला खाली पाडायचं. मज्जा म्हणजे पाय घसरून पडण्यात नवशिक्याला पण काही मजा नव्हती, त्याला तर कळायचंच नाही की आपण पडलो का. पुढच्या भागात काढून टाकलं.

आणि कॅपकॉम स्वतः काय धुतल्या तांदळाची नाही. स्ट्रीट फायटर ५ आठवतोय? फेब्रुवारी २०१६. पूर्ण किमतीला विकायला काढला आणि आत आर्केड मोडच नाही. म्हणजे एकट्याने बसून कॉम्प्युटरशी आठ-दहा मॅच खेळून शेवटच्या बॉसला मारायचं, जे या सीरिजमध्ये पहिल्यापासून आहे, तेच गायब. मोठा स्टोरी मोड काही महिन्यांनी आला, आर्केड मोड यायला जानेवारी २०१८ उजाडलं. कॅपकॉमच्या प्रो टूर स्पर्धांचा सीझन गाठायचा म्हणून घाईत सोडला असं तेव्हा सगळेच बोलत होते, आणि गेम उघडल्यावर तसंच वाटायचं, जणू टूर्नामेंट खेळणाऱ्यांसाठीच बनवलाय आणि बाकीच्यांनी यूट्यूबवर बघावं. मार्च २०१६ अखेरपर्यंत २० लाख प्रती जातील असा कंपनीचा अंदाज होता, गेल्या १४ लाख. वर्षानुवर्षं भर घालून शेवटी तो गेम चांगला झाला हे मान्य, पण तोपर्यंत टाईमपास करणारी मंडळी निघून गेलेली.

तो मार खाल्ल्यावर ६ मध्ये वर्ल्ड टूर नावाचा एकट्याने खेळायचा मोड आला. स्वतःचा एक माणूस बनवायचा आणि मेट्रो सिटी नावाच्या शहरात रस्त्यावर फिरायचं, कोणालाही अडवून मारामारी करायची, अगदी भाजीवाल्या टाईप काकूंना सुद्धा. डोक्यावर पुठ्ठ्याचे खोके घातलेली गुंडांची गँग आहे. र्‍यू, चुन ली, केन हे सगळे मास्तर म्हणून भेटतात, त्यांची शागिर्दी करायची, प्रत्येकाकडून एकेक चाल शिकायची आणि मग र्‍यूचा हाडोकेन नि चुन लीच्या लाथा अशी खिचडी करून आपला माणूस तयार करायचा. धाल्सिम भारतातल्या देवळात बसलाय, साहजिकच. १९९१ पासून त्याचे हात लांब होतायत आणि आपल्याबद्दलची त्यांची कल्पना आहे तिथेच आहे, पण असो, माणूस म्हणून धाल्सिम मला आवडतो.

गोष्ट म्हणाल तर पकाऊ. वीसेक तास जातात आणि त्यातले निम्मे या टोकाहून त्या टोकाला निरोप पोचवण्यात. पण त्यात एक पिझ्झाचं काम आहे, पार्टटाईम नोकरी, आणि मला वाटतं सगळ्या गेममधली सगळ्यात हुशार गोष्ट तीच आहे. ऑर्डर येते, त्याप्रमाणे पिझ्झा बनवायचा, आणि बनवायचा कसा, तर स्क्रीनवर दिसतात त्या बाणांप्रमाणे अंगठा फिरवून. खाली, तिरकं, पुढे, बटण. मागे, खाली, पुढे, बटण. म्हणजे हाडोकेनचीच चाल, पण समोर मारणारा कोणी नाही, फक्त घड्याळ पळतंय आणि गिऱ्हाईक थांबलंय. आमच्या हिने जन्मात कधी फायटिंग गेम खेळला नव्हता, तिला मारामारीत रस पण नाही, पण पिझ्झाच्या दुकानात ती तासभर चिकटली, आणि नंतर सहज तिच्या हातात र्‍यू दिला तर क्लासिकमध्ये तीनपैकी दोन हाडोकेन निघत होते. कुठेही पाटी नाही, लेक्चर नाही, "आता आपण शिकूया" नाही. फक्त पिझ्झे. ट्रेनिंग मोडमध्ये बसून कोणाला हे जमवायला सांगितलं असतं तर दहा मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवून चहा टाकायला उठले असते.

आणि यात पक्क्या खेळाडूचं काही काढून घेतलंय का, तर नाही. वर्ल्ड टूरमधला तुमचा माणूस कितीही तगडा झाला तरी रँक्डमध्ये त्याचा काही संबंध नाही. उलट पक्क्यांसाठी जे दिलंय ते बघून मी थक्क झालो. ट्रेनिंग मोडमध्ये फ्रेम मीटर आहे. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, आणि तुमचा हल्ला सुरू व्हायला किती फ्रेम, लागतो किती फ्रेम, हात मागे घ्यायला किती फ्रेम, हे रंगीत पट्टीवर खालीच दिसतं. सगळ्यात वेगवान हल्ले ४ फ्रेमचे. पूर्वी ही माहिती कुणीतरी मोजून तक्ते बनवायचं आणि आपण ते शोधत बसायचो. आता "माझा हल्ला अडवल्यावर मी मार का खातो" याचं उत्तर डोळ्यासमोर, लाल-निळं. ड्राईव्ह गेज हा दुसरा प्रकार. सहा खणांची पट्टी राउंडच्या सुरुवातीलाच भरलेली मिळते, म्हणजे सगळं बळ पहिल्या सेकंदाला हातात, उधळा नाहीतर जपा. संपली की बर्नआऊट, मग माणूस करडा पडतो, अडवलेले स्पेशल पण रक्त काढतात आणि कोपऱ्यात सापडलात तर वाट लागते. नवशिक्याला मजा येते कारण पहिल्यापासून मोठे रंगीत धमाके करता येतात, आणि पक्का त्याची उधळपट्टी संपायची वाट बघत बसतो. एकच पट्टी, दोघांना दोन वेगळे गेम.

ऑनलाइनचं म्हणाल तर मुंबईत बसून खेळणाऱ्यांसाठी जरा वेगळी स्टोरी आहे. कनेक्शन सांभाळायची यंत्रणा उत्तम आहे आणि क्रॉसप्ले असल्यामुळे प्लेस्टेशनवाले, पीसीवाले सगळे एका हौदात. तरी आपल्या वेळेला, म्हणजे रात्री जेवून अकराला बसलं, तर मॅच सापडायला वेळ लागतो आणि सापडतो तो बऱ्याचदा आखातातला नाहीतर सिंगापूरकडचा. खेळता येतं, व्यवस्थित येतं. समोरचा वायफायवर आहे का वायरवर ते चिन्ह दिसतं, आणि वायफायवाल्याला लोक सरळ नकार देतात. मला पण देत होते. आमच्याकडे राऊटर बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटर आतल्या, मग दरवाज्याच्या चौकटीवरून खिळे ठोकून वायर आणली, त्यावर घरात जे ऐकलं ते इथे टाईप करत नाही. पण वायर लावल्यापासून कोणी नाकारत नाही, त्यामुळे वन रूम किचनवाल्यांनो, सोसायटीची मीटिंग घ्यायला लागली तरी चालेल, वायर टाका.

माझी खरी तक्रार मधल्या माणसाबद्दल आहे. अगदी नवीन माणसाला वर्ल्ड टूर, मॉडर्न, पिझ्झा. अगदी पक्क्याला फ्रेम मीटर, रँक्डमधली वरची मास्टर लीग आणि वर कॅपकॉम कप ही स्पर्धा, जिथे २०२४ च्या फायनलला पहिल्या नंबरला १० लाख डॉलर होते. पण रँक्डमध्ये गोल्ड या मधल्या पायरीच्या आसपास अडकलेला, आठ अठ्ठावीसची फास्ट पकडून सीएसएमटीला जाणारा, रात्री तासभर मिळणारा जो माणूस आहे, त्याला गेम सांगतो की आता होमवर्क कर. तिथून वर प्रत्येक जण तुमच्या अंगावर ड्राईव्ह रश करत, म्हणजे ती ड्राईव्हची पट्टी खर्चून झेपावत, येणार, कोपऱ्यात नेणार, आणि पकडून फेक, पुन्हा फेक, पुन्हा फेक. हे समजून घ्यायला वेळ पाहिजे, आणि वेळ नसला की तुम्ही तिथेच. बॅटल हब या ऑनलाइन अड्ड्यावर जाऊन जुने कॅपकॉमचे आर्केड गेम खेळता येतात, लोकांशी अशीच मॅच लावता येते, पण एकट्या माणसाला तिथे कॉलेजच्या पहिल्या दिवसासारखं वाटतं.

आता गेममधलं दुकान. लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मुस्तफा खेळलाय का? म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३, तो पण कॅपकॉमचाच, खरं नाव कोणी घ्यायचंच नाही. तिथे धंद्याचं गणित सोपं होतं. जो लवकर मरतो तो जास्त कॉइन टाकतो. पार्लरवाल्याचं पोट आमच्यासारख्या कच्च्या पोरांवर चालायचं, आणि जो एका कॉइनवर शेवटपर्यंत जायचा त्याच्याकडे तो खाऊ का गिळू नजरेने बघायचा, कारण मशीन अडवून बसलाय. आज गेम एकदाच विकला जातो, मग पुढचे पैसे कुठून काढायचे? तर नवीन फायटर आणि कपडे. नवीन फायटरबद्दल माझं काही म्हणणं नाही. दर वर्षी चार येतात, पहिल्या वर्षी रशीद, एकेआय, एड आणि अकुमा, दुसऱ्या वर्षी तर दुसऱ्या कंपनीच्या गेममधले टेरी आणि माई आणले, हे भारीच. काम केलंय, पैसे घ्या.

पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये निन्जा टर्टल्सचे पोशाख काढले, ते सुद्धा खऱ्या फायटरसाठी नाही, तुमच्या त्या बनवलेल्या माणसासाठी. एका कासवाचे साधारण १५ डॉलर. चार कासवं मिळून ६० डॉलर, जवळजवळ आख्ख्या गेमची किंमत. लोकांनी जाम शिव्या घातल्या आणि बरोबर घातल्या. कारण बघा, हा पोशाख घेणार कोण? फ्रेम मीटर बघणारा नाही घेणार, त्याला काय फरक पडतो. घेणार तो ज्याने वर्ल्ड टूरमध्ये आपला माणूस हौसेने सजवलाय, म्हणजे तोच टाईमपासवाला ज्याला तुम्ही एवढ्या प्रेमाने आत आणलं. आणि हे सगळं फायटर कॉइन नावाच्या खोट्या नाण्यात, आधी पैसे देऊन नाणी घ्यायची, मग नाण्यांनी कपडे. पार्लरवाला निदान खरा रुपया मागायचा.

तरीही शेजाऱ्याकडे बघितलं की कॅपकॉमची किंमत कळते. टेकन ८ हा दुसऱ्या कंपनीचा फायटिंग गेम जानेवारी २०२४ मध्ये आला, त्यात पण सोप्या कंट्रोलची स्पेशल स्टाईल आहे, दिसायला तर डोळे दिपतात. मग एप्रिल २०२५ ला दुसऱ्या सीझनचा अपडेट टाकला आणि सगळ्यांच्या हातात इतके जबरदस्त हल्ले दिले की बचाव करणं म्हणजे मूर्खपणा. बघायला धमाल, खेळायला डोकेदुखी. प्रो खेळाडूंनीच बोंब मारली, स्टीमवर वाईट रिव्ह्यूंचा ढीग पडला, आणि मग घाईघाईने दुरुस्त्या. तिकडे स्ट्रीट फायटर ६ च्या २०२३ च्या इव्हो या मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेला सात हजारांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं होतं, गेम येऊन जेमतेम दोन महिने झालेले. एवढे सगळे काय पक्के नसणार. बरेच जण पहिल्या दोन मॅचमध्ये घरी जाणारे असणार, आणि तरी पैसे भरून गेले.

घ्यायचा तर असा घ्या. आधी फुकटचा डेमो आहे, ल्यूक आणि र्‍यू मिळतात आणि वर्ल्ड टूरची सुरुवात पण. तो घरातल्या ज्याला गेममधलं काही कळत नाही त्याच्या हातात द्या आणि बाजूला बसून बघा, सल्ले देऊ नका. त्याला पंधरा मिनिटांनी पण हातातून सोडवत नसेल तर सेल लागला की जास्तीचे फायटर एकत्र मिळतात तसलं एडिशन घ्या, सुटे सुटे घेत बसाल तर महाग पडतं. कॉइनच्या दुकानात शिरूच नका. लहान पोरं खेळणार असतील तर कार्डाची माहिती सेव्ह करून ठेवू नका, बाकी गेममध्ये त्यांना नको असं फार काही नाही. आणि महागडी आर्केड स्टिक लगेच मागवायची काही गरज नाही, साधा कंट्रोलर पुरतो, फक्त डाव्या बाजूची बाणांची बटणं घट्ट आहेत का ते दुकानातच दाबून बघा, ढिली असली की हाडोकेनच्या जागी नुसती उडी निघते, आणि समोर माझा भाचा असेल तर तुमचं काही खरं नाही.